टाकीवरची पारदर्शक पेटी

"हीच घ्यायची," मी म्हणाले आणि दुकानदाराच्या हातातून ती पेटी जवळजवळ ओढूनच घेतली.

सांगलीतलं माशांचं दुकान होतं ते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत निळसर काळोख आणि चहूबाजूंनी बुडबुड्यांचा आवाज. आम्ही तिघं विट्याहून सकाळच्या एसटीनं आलो होतो: विज्ञानाचे तांबोळी सर, शाळेचे शिपाई बिरूमामा आणि मी, समिधा पवार, आठवी ब. शाळेत माशांची मोठी टाकी बसवायची होती. जुन्या विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं त्यासाठीच देणगी दिली होती आणि काय काय आणायचं ते ठरवायला विज्ञान मंडळाची प्रमुख म्हणून मी हवीच होते.

प्रमुख कशी झाले, तर त्याच महिन्यात जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले होते. सातवीपर्यंत मला हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा घाम फुटायचा. खरंच. मग त्या व्यासपीठावर उभी राहिले आणि काय झालं कोण जाणे, एक वाक्य संपायच्या आत दुसरं तयार. खाली सगळे गप्प बसून माझ्याकडे बघत होते आणि मला ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की खाली उतरूच नये असं वाटलं. त्यानंतर समिधाला कुठल्याही विषयावर बोलता येतं असं अख्ख्या शाळेचं मत झालं. माझं तर सगळ्यात आधी झालं. बिरूमामा तेव्हापासून मला 'वकीलबाई' म्हणायला लागले.

त्या दिवशी दुकानात निम्मी खरेदी मामांच्याच सल्ल्यानं झाली होती, हे मला सांगायलाच हवं. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. मामांनी काच बोटांच्या चिमटीत धरून जाडी बघितली आणि ही नको, याच्यापेक्षा जाड दाखवा म्हणाले. लोखंडी स्टँड हवाच, आणि काचेखाली थर्माकोलची अख्खी शीट, म्हणजे स्टँड कुठे उंच-सखल असला तरी काच तडकत नाही. हीटर मी एकच मोठा काढायला सांगितला होता. मामा म्हणाले, दोन बारके घ्या. मोठा एकटा बिघडून चालूच राहिला तर मासे उकडून निघतात, आणि बंद पडला तर थंडीनं मरतात. दोन असले की एक दुसऱ्याला सांभाळून घेतो. सर यादीवर भराभर लिहीत होते. दुकानदार मामांना 'मालक' म्हणायला लागला होता आणि मामा लाजून हसत होते.

मग फिल्टर आला. मामांनी साधे स्पंजचे फिल्टर उचलले, दोन. हवेच्या नळीवर चालणारे, कोपऱ्यात गुपचूप बसणारे. मला ते बघूनच वाईट वाटलं. एवढी मोठी टाकी, आणि तिच्यात भांडी घासायच्या स्पंजासारखं काहीतरी. मी दाखवली ती पेटी टाकीच्या वर, कडेवर बसायची. अगदी काचेसारखी आरपार. खालून पंप पाणी वर चढवणार, पाणी एकामागून एक तीन कप्प्यांतून जाणार आणि दुसऱ्या टोकाला धबधब्यासारखं पडणार. वर निळा दिवा.

मामा म्हणाले, "ताई, पाणी कशातनं बी साफ हुतंय. पण ह्यातनं आतला मळ भायर दिसतो बघ."

"दिसू दे की. दिसला की साफ करू," मी म्हणाले. मग मी बोलायलाच लागले. ही टाकी नुसती माशांसाठी नाही, विद्यार्थ्यांसाठी आहे. पाणी शुद्ध कसं होतं हे मुलांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. कोपऱ्यात लपलेला फिल्टर कुणाला काय शिकवणार? असं बरंच. दुकानदार हसून म्हणाला, पोरगी बरोबर बोलतीय. सरांनी घड्याळ बघितलं, यादीवर खूण केली आणि मामांनी हातातले दोन्ही फिल्टर परत टोपलीत ठेवले.

टाकी दुसऱ्या दिवशी टेंपोनं यायची होती. पेटी मात्र मी एसटीत मांडीवर घेऊन बसले. तासगाव मागे पडल्यावर सरांचा डोळा लागला आणि मामा बोलायला लागले. नऊ वर्षं ते शाळेत रोजंदारीवर होते. घंटा द्यायची, पाणी भरायचं, बाकं हलवायची. घरी मात्र त्यांचा वेगळाच कारभार होता. बिघडलेल्या फ्रीजचं खोकं अंगणात आडवं टाकून त्यात ते एंजल मासे वाढवायचे. त्रिकोणी, उभे, लांब पंखांचे, पाण्यात पतंग उडवल्यासारखे दिसणारे. अंडी पानावर कशी घालतात, नर-मादी दोघं मिळून पंखांनी वारा कसा घालतात, हे सांगताना त्यांचे हात हवेत हलत होते.

मग त्यांनी ते सांगितलं. प्रयोगशाळेतले कदम परिचर मे महिन्यात निवृत्त होणार होते. ती जागा कायमची होती. मुख्याध्यापिका देशमाने बाईंनी मामांना शब्द दिला होता: संस्थेचे अध्यक्ष टाकीच्या उद्घाटनाला येतील, टाकी बघतील, तेव्हाच ही कुणी उभी केली ते मी सांगते आणि तुमचं नाव घालते.

"सायबांनी टाकी बघितली की झालं," मामा म्हणाले. "मंग घंटा दुसऱ्या कुणी द्यायची."

म्हणजे मला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

टाकी प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात बसली. पाणी भरून दोन दिवस नुसतं ठेवलं, नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून. पंप चालू केला. तिसऱ्या दिवशी मामा घरून स्टीलच्या डब्यात काहीतरी घेऊन आले. झाकण उघडलं आणि मी नाक धरलं. काळपट, बुळबुळीत, चिखलात लोळलेला वाटावा असा स्पंजचा ठोकळा.

त्यांनी तो माझ्यासमोर पेटीच्या मधल्या कप्प्यात बसवला. आजूबाजूला कुणी नव्हतं, आम्ही दोघंच. ते म्हणाले, नवी टाकी म्हणजे मेलेली टाकी असते. माशांची घाण खाणारे बारीक जीव तिच्यात नसतात, ते यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे सोडले तर स्वतःच्याच घाणीत मरतात. ते जीव ह्या स्पंजात आहेत. दहा वर्षांचे.

"काळा दिसंल, पण त्यो धुवायचा न्हाई," ते म्हणाले. "लईच तुंबला तर ह्याच टाकीचं पाणी बादलीत काढायचं आणि त्यात हलकं पिळायचं. नळाखाली धरायचा न्हाई. त्यातलं बिलिचिंग सगळं मारून टाकतंय. सर गडबडीत असत्यात, म्हणून तुला सांगतोय. ध्येनात ठेव."

मी हो म्हणाले. नायट्रोजनचक्र मला बाणांसकट येत होतं, चाचणीत पूर्ण गुण होते. पण ते चक्र पुस्तकात होतं, रंगीत. हे असं काळं आणि वास मारणारं असेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

मग मामांनी घरचे आठ एंजल आणून सोडले. दोन जोड्या आणि चार मोठी पिल्लं. घरचं फ्रीजचं खोकं रिकामं केलं त्यांनी. सगळ्यात मोठ्या मादीला ते 'म्हातारी' म्हणायचे. व्हरांड्यातून जाणारं प्रत्येक पोर तिथं थांबायला लागलं. पाचवीमधले चिमुकले तर नाकं काचेला चिकटवून उभे राहायचे आणि मामा फडकं घेऊन नाकांचे डाग पुसत बसायचे. तीन आठवडे टाकी अशी होती, की मधल्या सुट्टीत खाली खेळायला जावंसंच वाटायचं नाही.

जानेवारीत अध्यक्षांची तारीख ठरली, सोमवार. शनिवारी शाळा सुटल्यावर श्रमदान.

पाहुणे येणार म्हणजे आमच्याकडे काय होतं ते शाळेत शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. झाडांच्या बुंध्यांना गेरू, मैदानाला फक्की, बाकांवरची नावं घासून घासून काढायची. मुली फरशी पुसत होत्या, मुलं जाळी काढत होती. बाई स्वतः फिरून बोट फिरवून धूळ बघत होत्या. टाकीपाशी आल्या, सगळं बघितलं, छान म्हणाल्या, आणि वरच्या पेटीकडे बोट करून म्हणाल्या, "समिधा, ते काळं काय दिसतंय गं त्यात? अगदी समोरच येतंय."

एवढंच. धू असं त्या म्हणाल्या नाहीत. मी तेव्हा सांगू शकले असते, बाई ते असंच असतं. सांगायला मला वेळही होता आणि शब्दही होते. पण मला तो स्पंज आवडतच नव्हता. माझ्या आरपार पेटीत तो बसला होता, नव्या फ्रॉकवर शाईचा डाग पडावा तसा. सोमवारी टाकीची माहिती मी सांगणार होते. अध्यक्षांना 'शुद्धीकरणाचे तीन टप्पे' दाखवताना मधल्या टप्प्यावर बोट ठेवायचं होतं.

मामा गेटवर पताका लावत होते.

मी पंप बंद केला, स्पंज काढला आणि नळाखाली धरला. काळं पाणी यायला लागलं. येतच राहिलं. मग शेजारी फरशी पुसायला ठेवलेली ब्लीचिंगच्या पाण्याची बादली होती, तीत बुडवला. पाच मिनिटांत असला लख्ख पिवळा निघाला की मी स्वतःवरच खूश झाले. वास जाईपर्यंत तीन-चार वेळा साध्या पाण्यातून काढला, तेवढी काळजी घेतली, आणि परत जागेवर ठेवून पंप सुरू केला. मासे फिरत होते. काहीही झालं नाही. मला वाटलं, मामा उगाच घाबरवतात.

सोमवारी अध्यक्ष आले असते तर सगळं छान झालं असतं. पण रविवारी निरोप आला, साहेब मुंबईला गेलेत, कार्यक्रम गुरुवारी. सोमवारी आणि मंगळवारी मासे ठीक होते, निदान मला तरी ठीक वाटले. मामांना हॉलमध्ये मांडव आणि खुर्च्यांच्या कामाला लावलं होतं, टाकीचं खाणंपिणं माझ्याकडे होतं. मी खाणं जरा जास्तच घालत होते, पाहुण्यांसमोर मासे तरतरीत दिसावेत म्हणून. बुधवारी पिल्लं वर येऊन तोंड उघडमीट करत होती. मला वाटलं, भूक लागली असेल. अजून घातलं.

गुरुवारी सकाळी मी पाठ केलेलं भाषण म्हणत म्हणत जिना चढले. टाकीत पाच मासे आडवे तरंगत होते. उरलेले तिघं पृष्ठभागाला तोंड लावून होते, कल्ले लालभडक. म्हातारी त्यांच्यात होती. मामा आधीच पोहोचले होते. बादल्यांनी पाणी बदलत होते, बाह्या खांद्यापर्यंत ओल्या. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. तांबोळी सर धावत आले, बाई आल्या, आणि तेवढ्यात गेटवर गाड्या वाजल्या. अध्यक्ष वेळेच्या आधी आले होते. बाईंना त्यांना दुसरीकडे वळवायचं सुचलंच नाही, ते सरळ जिना चढून वर आले.

म्हातारी त्यांच्यासमोर कलंडली.

अध्यक्षांनी विचारलं, हे असं कसं झालं? बाईंनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, काल संध्याकाळपर्यंत तर बरे होते. त्याच वेळी मामांनी पेटीचं झाकण काढून मधल्या कप्प्यात हात घातला होता. स्पंज बाहेर आला. पिवळा, नव्यासारखा. त्यांनी तो तळहातावर ठेवून उलटा केला, परत सुलटा केला. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"समिधा, तू बघत होतीस ना टाकीचं?" बाई म्हणाल्या. "सांग साहेबांना."

आणि मी बोलले.

किती छान बोलले मी. एकदाही अडखळले नाही. मी म्हणाले, सर, टाकीचं सगळं साहित्य आम्ही नवीन आणलं होतं. फिल्टरही नवीन होता. पण बिरूमामांनी त्यांच्या घरच्या टाकीतला जुना स्पंज आणून ह्यात घातला होता. तो दहा वर्षांचा होता. काळा होता आणि त्याला वास येत होता. घरी ते मासे बिघडलेल्या फ्रीजच्या खोक्यात ठेवतात. अशा जुन्या वस्तूंमधून रोगजंतू येऊ शकतात, असं मला वाटतं.

ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कुणीही तपासून बघावं.

मामा तो पिवळा ठोकळा हातात धरून उभे होते आणि त्यातलं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. कुणीही नीट बघितलं असतं तर विचारलं असतं, की दहा वर्षांचा काळा स्पंज असा लख्ख कसा? पण सगळे माझ्याकडे बघत होते.

अध्यक्ष बाईंना म्हणाले, ह्यांना हे करायला सांगितलं होतं कुणी? बाईंचा चेहरा उतरला. मामांना म्हणाल्या, घरचं काहीबाही शाळेत आणायचं नसतं एवढं तरी कळायला हवं होतं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले, पोरगी धीट आहे म्हणाले, आणि खाली हॉलमध्ये सत्कारासाठी गेले. परिचराच्या जागेचा विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतरही निघाला नाही.

शनिवारी तांबोळी सरांनी मला जिन्यात थांबवलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाले, मला एक कोडं सुटत नाही, मामांनी मधे कधी तो स्पंज धुतला होता का?

"माहीत नाही, सर."

हे मात्र खोटं होतं. तेवढंच एक वाक्य, तीन शब्दांचं.

मे महिन्यात कदम निवृत्त झाले. त्या जागेवर संस्थेतल्याच कुणाच्या तरी ओळखीचा माणूस आला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा घंटा दुसराच कुणी देत होता. मी कुणाला विचारलं नाही. टाकी कोरडी करून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर नेली, आत लाल मखमल अंथरली, आणि तिच्यात शाळेच्या ढाली मांडल्या. त्यातल्या दोन माझ्या आहेत. काच जाड असल्यामुळे आतल्या अक्षरांना थोडा बाक येतो.

ह्या गोष्टीला दोन वर्षं झाली. आता मी दहावीत आहे. गेल्या महिन्यात माझ्या आत्तेबहिणीचं लग्न होतं, खानापूर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात. हात धुवायला मागे गेले तर पाण्याचे जार उतरवून घेणारा माणूस वळला, आणि ते बिरूमामा होते. केस जास्त पिकले होते. तेच आधी हसले. "काय ताई, धाव्वीला का आता?" म्हणाले. अभ्यास कसा चाललाय, सर कसे आहेत, सगळं विचारलं. मी उत्तरं दिली. त्यांनी मासे परत पाळले का, असं मी विचारलं. ते नाही म्हणाले. ते खोकं त्यांनी भंगारात दिलं होतं.

मी नळ बंद केला.

"मामा, तो स्पंज मी धुतला होता," मी म्हणाले. "ब्लीचिंगच्या पाण्यात."

"ठावं हाय."

त्यांनी जारवरचा ओला हात पॅंटला पुसला. आत सनई चालू होती.

"मग तेव्हा का नाही बोललात? तुमच्या हातातच होता तो."

मामा रिकामे जार एकावर एक रचत राहिले, चार-पाच रचून झाले. मग म्हणाले, "तू बोलायला लागलीस न्हवं? म्हटलं, सांगतीया पोरगी. जरा लांबनं सुरवात केलीया, पन सांगतीया. म्हनून मधी बोललो न्हाई. थांबलो." त्यांनी शेवटचा जार ठेवला. "पार शेवटपातूर थांबलो."

मी ओले हात ओढणीला पुसले.

आतून कुणीतरी पाण्यासाठी हाक मारली. मामांनी भरलेला जार खांद्यावर घेतला आणि मी जेवले का ते विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, मग बस जा, पंगत लागलीया.

मी जाऊन बसले. ताटात काय काय वाढलं ते मला दिसत नव्हतं. थोड्या वेळानं मामा जग घेऊन पाणी वाढत रांगेतून आले. सगळ्यांचे पेले भरत होते. माझ्यापाशी आले, माझा पेला काठोकाठ भरला, आणि शेजारच्या बाईंना पाणी हवं का ते विचारत पुढे गेले.